किती पिढ्या, सर?

“मोजलं का?”

बाईंचं बोलणं बहुतेक वेळा याच दोन शब्दांनी सुरू व्हायचं. समोर कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. शिपाई म्हणाला, कपबश्या धुऊन ठेवल्यात, की “मोजल्या का?” एखादे प्राध्यापक तासावरून येऊन म्हणाले, आज अख्खा वर्ग हजर होता, की बाई टेबल पुसता पुसता विचारणार, “मोजला का, सर?” एकदा स्नेहसंमेलनात प्राचार्य सांगत होते की, या कॉलेजसाठी मी मुंबईला हजार खेटे घातले. मागच्या रांगेतून अगदी शांत आवाजात प्रश्न आला, “मोजलं का?” कोणी विचारलं ते प्राचार्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हाला कळलं होतं.

मोजताना त्या डावा डोळा मिटत. काचेची बरणी नाकासमोर धरायची, एक डोळा बंद, दुसरा बारीक, आणि ओठ हलताहेत. पेन्सिलीचा बोटभर तुकडा अंबाड्यात खोचलेला. तुमच्याही कचेरीत, शाळेत असं एखादं माणूस असेल, ज्याला सगळे जरा हसतात आणि ज्याच्यासमोर खोटं बोलताना जरा चाचरतात.

श्रीरामपूरच्या बाजूला एका तालुक्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा नवा व्याख्याता होतो. नव्वद सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. बाई आमच्या प्रयोगशाळेत परिचर. बेडूक, झुरळं आणून ठेवणं, काचसामान धुणं, माशांच्या टाकीत पाणी भरणं ही त्यांची कामं. राहायला बेलापूरला. नवरा गवंडी. नोकरी करता करता बारावीची परीक्षा बाहेरून दिलेली, म्हणजे परिचराच्या पुढची, प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली की त्यांचाच हक्क. तशी जागा निघणार होती.

त्यांच्या आड आले आमचे विभागप्रमुख. आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो.

मोठे सर शिकवायचे चांगलं, हे आधी सांगितलं पाहिजे. फळ्यावर दोन्ही हातांनी चित्र काढायचे. आणि त्यांचा जीव माशांत. विभागाच्या दारातच त्यांची लांबलचक काचेची टाकी होती. त्यात पाठीच्या परावर काळे ठिपके असलेले बुटके प्लॅटी मासे आणि शेपटीला तलवारीसारखं टोक असलेले स्वॉर्डटेल. या दोन जातींची जोडी सरांनी जमवली होती. तिच्या पिल्लांत ठिपके पसरून सगळी पाठ काळी व्हायची, मऊ, दाट काळी. सर त्या माशांना ‘काळी मखमल’ म्हणत. त्यातले सगळ्यांत काळे निवडायचे, लांब तलवारीच्या नरांबरोबर पुन्हा सोडायचे, आणि पुढची पिल्लं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावातल्या मोठ्या लोकांना भेट द्यायची. कारखान्याच्या संचालकांकडे, मामलेदारांकडे, डॉक्टरांकडे, सगळीकडे काळी मखमल पोहोचली होती.

फक्त एक व्हायचं. काही माशांच्या पाठीवरचा काळा रंग वर यायला लागायचा. आधी खरखरीत, मग वाटाण्याएवढी गाठ, मग पर झडायचा आणि मासा तिरपा पोहायला लागायचा. सर तो मासा मुकाट्याने काढून टाकायचे.

विद्यापीठाची समिती पाहणीला आली त्या दिवशी एक तिरपा मासा काढायचा राहिला. समितीत जाड चष्म्याचे, पांढऱ्या केसांचे एक प्राध्यापक होते. ते काचेला नाक लावून उभे राहिले.

“याला काय झालंय?” त्यांनी विचारलं.

मोठे सर हसले. “पाण्याचा दोष. आमच्या बाईंच्या हातचं पाणी, दुसरं काय. स्वच्छता अंगात मुरायला पिढ्या लागतात हो.”

समितीतले एक जण खो खो हसले. बाई मागे बेसिनपाशी उभ्या होत्या. त्या बौद्ध, सासऱ्यांनी तरुणपणी दीक्षा घेतलेली. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि सरांच्या वाक्याचा रोखही सगळ्यांना कळला होता. मोठे सर कोणत्या जातीचे ते मी सांगत नाही. असं बोलणारे बऱ्याच जातींत भेटतात, माझ्याही. मी तेव्हा हातात बिस्किटांची बशी धरून उभा होतो. बशी पुढे केली. तोंड उघडलं नाही.

बाईंनी नळ बंद केला. हात पुसले.

“किती पिढ्या, सर?”

“म्हणजे?”

“पिढ्या लागत्यात म्हनलात. किती, त्ये इचारलं.”

सरांनी पुढच्या दाराकडे हात केला. समिती पुढच्या खोलीत गेली. पण त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात बाईंच्या नावापुढे शेरा आला: पाण्याच्या स्वच्छतेबाबत निष्काळजी, त्यामुळे विभागातील मासे रोगग्रस्त. सहायकाची जागा गेली आणि बाईंची बदली ग्रंथालयात झाली, पुस्तकांवर शिक्के मारायला.

मी एकदा धीर करून ग्रंथालयात गेलो. वाईट वाटतं असं काहीतरी म्हणालो. बाई शिक्का मारत राहिल्या.

“तुमी हुतात तितंच,” त्या म्हणाल्या. “बिस्किटं वाटत हुतात.”

एवढंच. पुढे महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मोठ्या सरांना वाटलं, बाईंना पाण्यापासून लांब ठेवलं, विषय संपला. पण ग्रंथालयात विज्ञानाची इंग्रजी पुस्तकं वर्षानुवर्षं कोणी न उघडता पडलेली होती, आणि शिक्का मारायला तरी बाईंना ती उघडावी लागत. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. समोर आनुवंशिकतेचं एक जाडजूड पुस्तक, त्यात पेन्सिलीचा तुकडा खूण म्हणून ठेवलेला. पान उघडलं तर एक चित्र. बुटका ठिपकेवाला मासा, तलवारवाला मासा, त्यांची काळी पिल्लं, आणि खाली पाठीवर गाठ आलेलं एक पिल्लू.

“ह्ये वाचून सांगा. हळूहळू सांगा.”

मी वाचून सांगितलं. अर्धंच पान होतं. ठिपकेवाल्या माशाच्या रक्तात काळ्या रंगाचा गुण असतो, तो बेफाम वाढला तर कॅन्सर होतो. पण त्याच माशाच्या रक्तात त्या गुणाला लगाम घालणारा दुसरा गुणही असतो, म्हणून तो सुखाने जगतो. तलवारवाल्यात दोन्ही नाहीत. दोघांची जोडी लावली की पिल्लांत लगाम निम्मा होतो, रंग पसरतो. ती पिल्लं पुन्हा तलवारवाल्याशी जोडली, की चारातल्या एखाद्या पिल्लाकडे रंगाचा गुण येतो आणि लगाम अजिबात येत नाही. त्याला गाठ होते.

मी हा विषय दोन वर्षं शिकवत होतो. जुन्या वह्यांवरून. हे पान मी कधी पाहिलं नव्हतं.

बाई डावा डोळा मिटून चित्राकडे बघत होत्या. “मंजी काळी मखमल म्हंजी रोगाचीच सुरवात. आन् जोडी लावली कुनी?”

“मोठ्या सरांनी.”

“पानी?”

“पाण्याचा संबंधच नाही, बाई. हे पुस्तकच प्राचार्यांना दाखवू.”

“पुस्तक न्हाई,” त्या म्हणाल्या. “पुस्तकातला मासा परदेशातला, असं म्हनत्याल. त्यांच्याच माशात दावायचं. त्ये रिटायर व्हायच्या आत.” मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाल्या, “मला न्याय-बिय नको, सर. मला त्यांचं तोंड उतरल्यालं बघायचं हाय.”

इतक्या थंडपणाने कोणी सूडाची गोष्ट केलेली मी तोवर ऐकली नव्हती. आपण रागात आरडाओरडा करतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. बाईंचा राग हिशोबी होता. तो रोज सकाळी उठून कामाला लागायचा.

सर निवृत्त व्हायला तीन वर्षं होती.

बेलापूरच्या घराच्या अंगणात त्यांच्या नवऱ्याने विटा-सिमेंटचे सहा छोटे हौद बांधले. माणूस अबोल. कशाला, म्हणून त्याने विचारलं नाही, फक्त किती फूट ते विचारलं. किराणा दुकानदारांकडून गोळ्या-बिस्किटांच्या मोठ्या काचेच्या बरण्या गोळा झाल्या. मासे मी आणून दिले. मोठ्या सरांच्या टाकीतलेच, त्यांना विचारून. “सर, घरी ठेवीन म्हणतो,” असं म्हटल्यावर ते इतके खूश झाले की स्वतः जाळी घेऊन पकडून दिले.

पहिला प्रयत्न फुकट गेला. ठिपकेवाली मादी तलवारवाल्या नराजवळ ठेवली, पिल्लं झाली, आणि ती सगळी बुटकी, ठिपकेवाली, तलवारीचा पत्ता नाही. मी पुस्तकं चाळली तेव्हा समजलं की ही मादी एकदा नराजवळ राहिली की पुढे कित्येक महिने त्याच नराची पिल्लं देत राहते, नर समोर नसला तरी. टाकीतून आणलेली मादी आधीच गाभण होती. सात महिने वाया.

मला वाटलं, बाई सोडून देतील. त्यांनी ती सगळी पिल्लं वेगळ्या हौदात टाकली, मोठी होताना नरांच्या पोटाखालचा पर टोकदार होऊ लागतो तो बघत बसल्या, आणि तो पुरता टोकदार होण्याआधीच माद्या बाजूला काढल्या. “आता ह्या कोऱ्या हायेत,” म्हणाल्या. “आता बघू.”

दुसऱ्या वेळी बरोबर जमलं. काळी मखमल बेलापूरच्या अंगणात जन्माला आली. ती वाढवून पुन्हा तलवारवाल्याशी जोडायची, ही तिसरी पिढी. इथे बाईंनी मला कामाला लावलं.

“एका वेताची पिल्लं निम्मी निम्मी करायची,” त्यांनी सांगितलं. “निम्म्या बरन्या माझ्या. आमच्या नळाचं पानी, मीच भरनार. निम्म्या बरन्या तुमच्या. त्यात मी बोट बुडवनार न्हाई. पानी तुमी आनायचं, तुमीच भरायचं, तुमीच बदलायचं. आन् त्ये मोठ्या सरांच्या घरचं पानी पायजे.”

“त्यांच्या घरचं?”

“लई चांगलं हाय म्हनत्यात ना. बोर, फिल्टर, सगळं हाय. मंग तेच आना.” वर म्हणाल्या, “बिस्किटं वाटत हुतात. आता पानी वाहा.”

मी पाणी वाहिलं. दर रविवारी सकाळी मी लूनावर दोन कॅन बांधून मोठ्या सरांच्या बंगल्यावर जायचो. त्यांच्या पत्नी फार मायाळू. “न्या हो, न्या, आमचं पाणी गोड आहे,” म्हणून स्वतः फिल्टरखाली कॅन लावायच्या. एकदा सर पेपर वाचत व्हरांड्यात बसले होते. म्हणाले, “बघ, या पाण्यात एकाही माशाला काही होणार नाही.” मी मान डोलावली आणि कॅन बांधले. रस्ताभर मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. तसेच पाच मैल बेलापूर.

वर्षभर मी तिथे जात राहिलो. माझ्या बरण्यांना बाई खरोखर कधी हात लावत नसत. एकदा माझी एक बरणी उन्हात राहिली होती आणि मासे वर येऊन तोंड उघडत होते. बाई बरणीसमोर उकिडव्या बसून होत्या, हात मांडीखाली दाबून धरलेले. मी पोचल्यावर म्हणाल्या, “आधी ती सावलीत घ्या. मला हात लावता येईना.” त्या बरणीतला एक मासा मेला. त्यांनी वहीत लिहिलं: उन्हाने. गाठीने नाही. तोही हिशोब चोख.

मग काळे डाग दिसू लागले. आधी कोणाला डाग आला, कोणाला नाही. निम्मी पिल्लं स्वच्छ. उरलेल्यांत काहींचा डाग डागच राहिला. आणि काहींचा वर आला, खरखरीत झाला, फुगला. माझ्या रांगेत आणि त्यांच्या रांगेत, दोन्हीकडे. चारात एक, कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त.

मी आनंदाने जवळजवळ ओरडलोच. “बाई, जिंकलात तुम्ही.”

त्या आपल्या रांगेतल्या एका बरणीसमोर बसल्या होत्या. आतला मासा तिरपा झाला होता. पाठ गाठीने जड झालेली, तरी अन्न टाकलं की धडपडत वर यायचा. बाई बोटाने खाण्याचा कण त्याच्या तोंडापाशी नेऊन सोडत होत्या, कारण बाकीचे मासे त्याच्या आधी पोचायचे.

“ह्याला मी जन्माला घातला,” त्या म्हणाल्या. “आजारी पडावा म्हनून घातला. मोठ्या सरांना म्हाईत नव्हतं, मला म्हाईत हुतं.”

मी म्हटलं, “मग थांबायचं का?”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. कण सोडत राहिल्या.

मार्चमध्ये बीएस्सीच्या प्रात्यक्षिक परीक्षा आल्या. बाहेरचे परीक्षक म्हणून विद्यापीठाने पाठवले ते तेच, जाड चष्म्याचे, पांढऱ्या केसांचे. हा योगायोग. पण यादी पाहिल्यावर मी बेलापूरला जाऊन बाईंना सांगितलं, तो योगायोग नव्हता. परीक्षेच्या शेवटच्या दिवशी, विद्यार्थी गेल्यावर, बाईंचा नवरा ओळखीच्या टेम्पोतून ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या चौदा बरण्या घेऊन आला. प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर बाईंनी सात आणि मी सात, अशा दोन रांगा मांडल्या. परीक्षकांना मी फक्त एवढंच सांगितलं की तीन वर्षांपूर्वी तुम्ही एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तयार आहे.

ते भिंग घेऊन एकेका बरणीपुढे वाकले. बाईंची वही मागून घेतली. कोणत्या मादीची कोणती पिल्लं, कोणत्या तारखेला डाग, कोणत्या तारखेला गाठ, सगळं होतं. पानं उलटताना त्यांचा चेहरा बदलत गेला. तेवढ्यात मोठे सर आत आले. परीक्षा झाली का, चहा घेऊ या, असं म्हणत. टेबल पाहून थांबले.

“हे काय चाललंय?”

बाई पुढे झाल्या. आवाज नेहमीचाच.

“सर, ही तुमच्या माशांची नातवंडं. येक रांग माझ्या हातच्या पान्याची हाय. येक न्हाई. माझी कंची, त्ये वळखा.”

मोठे सर माझ्याकडे बघू लागले. मी खाली बघितलं नाही, एवढं धैर्य त्या दिवशी होतं. परीक्षक म्हणाले, “ओळखा की. तुम्ही तर एका नजरेत सांगितलं होतंत.”

सर दोन्ही रांगांवरून चालत गेले. पुन्हा परत आले. दोन्हीकडे स्वच्छ मासे होते, डागाचे होते, गाठीचे होते. एका बरणीतलं पाणी प्रवासात जरा ढवळलं होतं. सरांनी त्या रांगेकडे बोट केलं. “ही.”

“ती माझी आहे, सर,” मी म्हणालो. “पाणी तुमच्या फिल्टरचं. दर रविवारी तुमच्याकडून नेत होतो.”

परीक्षकांनी भिंग खिशात ठेवलं आणि सावकाश म्हणाले, “पाण्याचं काही नाही हे. वारसा आहे हा. जोड्या लावणाऱ्याने लक्ष द्यायला हवं होतं.”

मोठ्या सरांचा चेहरा पडला. शब्दशः पडला, गाल खाली आले, ओठ सैल झाले. मी बाईंकडे पाहिलं. त्या डावा डोळा न मिटता, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. तीन वर्षं ज्यासाठी घालवली ते पूर्ण बघून घेत होत्या. त्यात दया तसूभरही नव्हती.

“तीन पिढ्या, सर,” त्या म्हणाल्या. “मोजल्या मी.”

इथे गोष्ट संपायला हवी होती. मला तरी तसंच वाटलं होतं.

आठ-दहा दिवसांनी मोठे सर माझ्या दारात आले. म्हणाले, मला बेलापूरला घेऊन चल. लूनाच्या मागे बसून, धोतराचा सोगा सावरत ते आले. बाई अंगणात धुणं वाळत घालत होत्या. त्यांच्या घरी कोणीही आलं तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे व्हायचा, माझ्यासाठी तर वर्षभर झाला होता. त्या दिवशी झाला नाही. सर खाटेवर बसले. ऊन कडक होतं. थोड्या वेळाने त्यांनीच म्हटलं, “पाणी मिळेल का?”

“नळ तितं हाय, सर. भांडं वरच हाय. आपल्या हातानं घ्या.”

सर उठले. नळ सोडला, भांडं विसळलं, भरलं, तिथेच उभ्याने प्यायले. बाई चिमटे लावत राहिल्या.

मग सर बोलले. त्यांचे वडील, एक काका आणि थोरला भाऊ, तिघेही आतड्याच्या कॅन्सरने गेले होते. तिघेही पन्नाशीच्या आत. घरात सगळे म्हणायचे, गावातल्या विहिरीचं पाणी वाईट. म्हणून सर गाव सोडून इकडे आले, बोअर घेतलं, फिल्टर लावला, आयुष्यभर पाण्याला भीत जगले. “मी सुटलो. मला वाटलं, पाणी बदललं म्हणून सुटलो,” ते म्हणाले. “पण मुलगी बावीस वर्षांची आहे. तिला अलीकडे पोटाचा त्रास होतो.” ते बाईंकडे वळले. “बाई, पाण्याचं नसतंच का ते?”

मी बाईंकडे पाहत होतो. सगळ्यात मोठा घाव घालणं आता त्यांच्या हातात होतं. एक वाक्य पुरलं असतं. रक्तातच आहे, सर, तुमच्या रक्तात. त्यांच्या ओठांवर ते आलं होतं असं मला अजूनही वाटतं.

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात कागद आणि पेन होतं.

“आधी ह्ये लिहा,” त्या म्हणाल्या. “मी सांगते. माशांच्या गाठी पान्यामुळं नव्हत्या. मी लावलेल्या जोड्यांमुळं हुत्या. बाईंच्या कामात दोष नव्हता. सही करा. तारीख घाला.”

सरांनी लिहिलं. बाईंनी कागद वाचला, घडी केली, कमरेला खोचला. मग अंगणाच्या कोपऱ्यातून एक बरणी आणून सरांच्या समोर ठेवली. आत पाठीवर काळा डाग असलेला एक मोठा, चपळ मासा.

“ह्याच्या भावाला गाठ झाली, त्यो मेला. बहिनीला झाली. ह्याला काळं आलंय, आन् त्याला धरून ठेवनारंबी आलंय. त्यो वरीसभराचा हाय आन् त्याला कायबी झालं न्हाई. चारातल्या येकालाच हुतं, सर. मासा आन् मानूस येक न्हाई. मानसाचं मला कळत न्हाई, डॉक्टरला कळतं. पोरीला पुन्याला न्या, आतून तपासायची नळी असती म्हनं. पोटात काय वाढायच्या आत बघा. नंतर नका बघू.”

“आणि तुम्ही...” सर म्हणाले.

“मी तुमाला माफ केल्यालं न्हाई,” बाई म्हणाल्या. “पोरीनं माजं काय केलंय? म्हनून सांगितलं. आता सांज हुयाच्या आत जावा.”

मुलीच्या आतड्यात पुण्याच्या डॉक्टरांना लहान गाठी सापडल्या, वेळेत सापडल्या. त्या काढल्या. दरवर्षी तपासणी करा, असं सांगितलं. हे मला सरांच्या पत्नीने सांगितलं, आणि मी बाईंना सांगितलं. त्यांनी “बरं” म्हटलं आणि शिक्के मारत राहिल्या.

सर निवृत्त झाले. त्या कागदाच्या जोरावर शेरा पुसला गेला आणि वर्षभराने बाई सहायक म्हणून प्रयोगशाळेत परत आल्या. सरांच्या निरोप समारंभाला बाईंनी पाणी वाटायला नकार दिला होता. पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून, शेवटपर्यंत बसल्या. टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढे दोन-तीन वर्षांनी मोठे सर हृदयविकाराने गेले. सकाळी बातमी आली तेव्हा बाई काचपट्ट्या धूत होत्या. मी सांगितलं.

“कशानं?” त्यांनी विचारलं.

“हृदय. झोपेतच.”

त्यांनी हातातली काचपट्टी खाली ठेवली. “पोरगी?”

“चांगली आहे. लग्न झालं तिचं.”

“तपासनी करती ना?”

“करते.”

“दुपारी शोकसभा आहे, बाई. हॉलमध्ये,” मीच पुढे म्हणालो.

“जावा तुमी,” त्या म्हणाल्या. “माज्या काचा ऱ्हायल्यात.”

मी हॉलमध्ये गेलो. सगळे त्यांच्या चित्रांबद्दल, त्यांच्या माशांबद्दल बोलले. मीही बोललो. परत आलो तेव्हा काचपट्ट्या फडक्यावर ओळीने वाळत होत्या आणि बाई घरी गेल्या होत्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. साधा वाटला, छातीत गेला. चौथ्या दिवशी त्या नव्हत्या. मी बेलापूरला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. माणसं पांगली होती. त्यांच्या नवऱ्याने मला अंगणात नेलं. पाच हौद कोरडे होते. सहाव्यात पाणी होतं आणि मधोमध विटांची एक बुटकी भिंत, त्याच्याच हाताची, गिलावा घोटून गुळगुळीत केलेली.

“नर हिकडं, माद्या तिकडं,” तो म्हणाला. “तिनंच बांधाया लावली. म्हनली, ह्यांना आता पिल्लं हुयाला नकोत. शेवटचा जाईस्तोवर भिंत पाडू नको.”

नरांची बाजू रिकामी झाली होती. माद्यांच्या बाजूला एकच मासा होता, म्हातारा, रंग फिका पडलेला. तो सावकाश भिंतीपर्यंत यायचा, तिथे थोडा थांबायचा, वळायचा आणि परत जायचा.